बातमीचे रूळ कोणाच्या मालकीचे?

दिल्लीच्या मयूर विहारचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. यमुनेच्या पूर्वेची ही वस्ती. येथे पत्रकारांची 'समाचार अपार्टमेंट्स' नावाची सोसायटी आहे. वस्तीला लागूनच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात शहराच्या मध्यातून उचललेल्या झोपडपट्टीवासीयांना या वसाहतीत आणून टाकले गेले. नदीच्या अंगाला पूरपट्टा आहे, तेथे भाजीपाला पिकवणारे गरीब शेतकरी राहतात. आणि मयूर विहार-१ या मेट्रो स्टेशनापासून नोएडाकडे चौथे स्टेशन सेक्टर १६. त्याच्या जवळच फिल्म सिटी, जिथून हिंदी वृत्तवाहिन्यांचे कार्यक्रम रात्रंदिवस देशभर जातात.

म्हणजे बातमी लिहिणारा, बातमी दाखवणारा आणि ज्याची बातमी व्हायला हवी तो, असे तिघेही चार स्टेशनांच्या अंतरात राहतात. तरीही त्रिलोकपुरी पडद्यावर केव्हा येते? दंगल झाली की. पूरपट्ट्यातला शेतकरी केव्हा दिसतो? जुलै २०२३ सारखा महापूर आला आणि तो सडकेच्या कडेला ताडपत्रीखाली येऊन बसला की. एरवी तो नाहीच.

दिल्लीत संघटनेचे काम करणारे आम्ही मराठी कामगार या वस्तीत राहतो. पत्रकारांशी आमचे वैर नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्रिलोकपुरीत शिखांचे शिरकाण चालू होते, तेव्हा सरकारी दूरदर्शनने नव्हे, तर स्वतःच्या पायांनी गल्लीत शिरलेल्या वार्ताहरांनी ते जगापुढे आणले. प्रश्न लेखणी धरणाऱ्या हाताचा नाही. ती बातमी कोणाच्या रुळावरून धावते, कोणत्या स्टेशनावर थांबते आणि कोणते स्टेशन न थांबता ओलांडते, हा आहे. वेळापत्रक करणारा कोण, हे रेल्वे कामगाराला वेगळे शिकवायला नको.

आफ्रिकेशी आपले काय देणे-घेणे?

या अंकात आम्ही आफ्रिकेविषयी लिहिणार म्हटल्यावर काही साथी म्हणाले, 'महागाई भत्त्याचे बोला, आफ्रिकेचे काय घेऊन बसलात?' त्यांना आमचे उत्तर असे की, ज्या यंत्राने आफ्रिकेचे चित्र बिघडवले, त्याच यंत्रातून तुमचे-आमचेही चित्र निघते.

१८७० साली युरोपातल्या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जग वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला आले, फ्रेंच साम्राज्य आवासच्या. वसाहतीतले रूळ जसे खाणीकडून आणि मळ्यांकडून थेट बंदराकडे जात, तशीच बातमीही वसाहतीतून राजधानीकडे जाई. दोन शेजारी देशांना एकमेकांची खबर हवी असली, तर ती लंडन-पॅरिसला वळसा घालून येई. झेंडे बदलले, पण हा वळसा संपला नाही. आजही लागोस किंवा नैरोबीची बातमी आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य वृत्तसंस्थेच्या शिक्क्यानिशीच येते, आणि त्यात भूक, साथ किंवा बंदूक नसेल तर ती येतही नाही.

एक उदाहरण आपल्याच खात्यातले घेऊ. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेले. त्यांतले सुमारे २,५०० मेले. या रेल्वेविषयी जगाला काय ठाऊक आहे? त्सावोचे दोन नरभक्षक सिंह आणि त्यांना मारणारा कर्नल पॅटरसन! साहेबाने १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिले, १९९६ साली हॉलीवूडने चित्रपट काढला. सिंहांना पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात मानाची जागा मिळाली. तापाने, आमांशाने आणि अपघाताने मेलेल्या हजारोंना कोणती जागा मिळाली? रूळ अंथरणाऱ्याची गोष्ट त्याने स्वतः सांगितली नाही, की ती सिंहाची गोष्ट होऊन बसते.

त्याच केनियात रेल्वेत कारागीर म्हणून गेलेल्या एका पंजाबी माणसाने पुढे छापखाना काढला. त्याचा मुलगा मखनसिंग. छापखान्यात वाढलेल्या या तरुणाने हिंदी आणि आफ्रिकी कामगारांची एकत्र संघटना बांधली, १९५० साली भर सभेत केनियाच्या स्वातंत्र्याची मागणी केली आणि त्यापायी अकरा वर्षे स्थानबद्धता भोगली. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत हे नाव आहे?

गोदी कामगाराने दिलेले उत्तर

आफ्रिकेने रडगाणे गायले नाही, उत्तरे शोधली. त्यांतली दोन तर रेल्वे आणि टपाल कामगारांना घरचीच वाटतील. दोन्ही एकाच माणसाची आहेत. सेनेगलचे उस्मान सेम्बेन हे फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात गोदी कामगार होते आणि तेथल्या कामगार संघटनेचे सभासद होते.

पहिले उत्तर रेल्वेचे. १० ऑक्टोबर १९४७ रोजी डाकार-नायजर रेल्वेच्या आफ्रिकी कामगारांनी संप पुकारला. मागणी अशी की, गोऱ्या आणि काळ्या कामगारांची श्रेणी एक असावी. काळ्यांनाही तेच भत्ते, त्याच सवलती मिळाव्यात. मार्च १९४८ पर्यंत, पाच महिन्यांहून अधिक काळ हा संप टिकला. सेम्बेन यांनी त्यावर १९६० साली कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ 'देवाच्या काटक्या'. माणसे मोजली तर आयुष्य घटते, म्हणून त्यांना काटक्या म्हणून मोजायचे, अशी तिकडची समजूत. या कादंबरीत एकटा पुढारी नायक नाही. पाण्याच्या आणि धान्याच्या टंचाईत घर चालवणाऱ्या आणि शेवटी थिएसहून डाकारपर्यंत पायी मोर्चा नेणाऱ्या बायकाही तिच्या नायिका आहेत. मे १९७४ च्या आपल्या संपात रेल्वे वसाहतींमधल्या बायकांनी काय सोसले ते ज्यांना आठवते, त्यांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

दुसरे उत्तर टपालाचे. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचता येत नाही, हे सेम्बेन यांना खुपत होते. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते सिनेमा शिकले. १९६८ साली त्यांनी 'मांदाबी' काढला. मांदाबी म्हणजे मनिऑर्डर! पॅरिसात रस्ते झाडणारा भाचा डाकारला आपल्या बेकार मामाच्या नावे २५,००० फ्रँक पाठवतो. पोस्टमन सूचना घरी आणून देतो. पण पोस्टात पैसे घ्यायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्मदाखला हवा, दाखल्याला जन्मतारीख हवी, आणि फोटो आणि तिकिटाला पैसे हवेत. मनिऑर्डर आल्याची आवई उठताच सारी गल्ली उधार मागायला दारात उभी राहते. अखेरीस सुटाबुटातला एक शिकलेला नातलग मुखत्यारपत्र करून घेतो आणि ती रक्कम गिळतो.

मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरवर ज्या कोकणच्या चुली पेटल्या, त्या कोकणातल्या पोस्टमनला हे सांगायला नको. कागद नाही म्हणून स्वतःचाच पैसा न मिळालेली म्हातारी त्याने खिडकीपाशी पाहिलेली असते. हा चित्रपट सेम्बेन यांनी वोलोफ या लोकांच्या बोलीत काढला. आफ्रिकी भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. साहेबाच्या भाषेत विकासाचे अहवाल निघत होते, तेव्हा याने गल्लीच्या भाषेत विचारले, 'स्वातंत्र्य आले, मग खिडकीच्या आतला माणूस बाहेरच्याशी असा का वागतो?'

झेंडा नवा, कात्री जुनी

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सगळा दोष लंडन-न्यूयॉर्कवर टाकून मोकळे होणारे देशी सत्ताधारी पुष्कळ आहेत. त्यांच्या टाळ्यांत आम्ही आमची टाळी मिसळणार नाही.

जुलै १९७६ मध्ये याच दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली. बातम्यांवरची पाश्चात्त्य मक्तेदारी मोडण्यासाठी वृत्तसंस्थांचा सामायिक साठा उभारावा असे ठरले. मागणी रास्त होती. पण त्याच वेळी आपल्या देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि पाचच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार संस्था मोडून 'समाचार' ही एकच संस्था केलेली होती. जगासाठी अनेक आवाज आणि देशात एकच आवाज! 'समाचार' १९७८ मध्ये पुन्हा चार संस्थांत विभागली गेली. तरी धडा राहिला.

सेनेगलमध्ये कवी म्हणून गाजलेले सेंघोर राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या राजवटीत सेम्बेन यांचा 'सेद्दो' हा चित्रपट अडवला गेला. सांगितलेले कारण, नावात एकच 'द' हवा, दोन नकोत! केनियात १९७७ साली कामिरीथू गावच्या कष्टकऱ्यांनी न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांच्या साथीने गिकुयू भाषेत नाटक उभे केले. मळ्यातले मजूर, शेतकरी आणि कारखान्यातले कामगार स्वतः बांधलेल्या उघड्या मंचावर स्वतःच्या जमिनीची कैफियत मांडू लागले. काही आठवड्यांत प्रयोगांवर बंदी आली. ३१ डिसेंबर १९७७ रोजी थिओंगो यांना उचलले आणि खटला न चालवता सुमारे वर्षभर डांबले. १९८२ मध्ये तो मंचही जमीनदोस्त केला. न्गुगी इंग्रजीत कादंबऱ्या लिहीत होते तोवर सरकारला विशेष अडचण नव्हती. मजुराच्या भाषेत मजुराच्या तोंडून बोलताच तुरुंग! हे इंग्रजांनी केले नाही, स्वतंत्र केनियाच्या सरकारने केले. न्गुगी मे २०२५ मध्ये वारले. गिकुयूत लिहिण्याचा निर्धार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, ते हेच काम होते. त्याआधी १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईच्या गिरणगावात चालवला, तेही हेच. कामगाराची संघटना आणि कामगाराचे पत्र आपल्याकडे जुळी भावंडे म्हणून जन्मली. आज एक जगले आहे आणि दुसरे हाडांचा सापळा झाले आहे.

'विकास' म्हणजे कोणाची बातमी?

१९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली गेली. शेती, आरोग्य, शिक्षण ही कारणे सांगितली. पुढे १९८२ च्या आशियाई खेळांना रंग आले, १९९१ नंतर आकाशातून परदेशी वाहिन्या आल्या आणि खेड्यासाठी आणलेले यंत्र जाहिरातदाराच्या हाती गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कागदावर मालक जनता. प्रत्यक्षात? २०१४ मध्ये नेटवर्क-१८ रिलायन्सच्या ताब्यात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेले. बंदरे आणि मालवाहतूक चालवणाराच वृत्तवाहिनीचाही मालक असेल, तर रेल्वेच्या खासगीकरणावर त्या वाहिनीवर निकोप चर्चा होईल, असे कोणी मानावे?

म्हणून वंदे भारतला झेंडा दाखवला की थेट प्रक्षेपण, आणि त्याच रुळावर रात्री बॅटरी घेऊन चालणारा ट्रॅकमन गाडीखाली गेला तर आतल्या पानावर चार ओळी. २२ मे २०१८ पासून ग्रामीण डाकसेवक दोन आठवड्यांहून अधिक काळ संपावर होते. देशाच्या खेड्याखेड्यांतले टपाल थंडावले. संध्याकाळच्या किती चर्चांत तो विषय आला, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. १९७४ ला निदान असे होते की, आकाशवाणी सरकारची आहे हे सर्वांना ठाऊक होते. आजचा मालक पडद्यामागे बसतो.

मालीचे उदाहरण पाहा. सेम्बेन यांच्या कादंबरीतली तीच डाकार-बामाको रेल्वे कर्जाच्या अटींच्या रेट्यात २००३ मध्ये खासगी कंपनीकडे दिली गेली. मालाचे भाडे तेवढे महत्त्वाचे ठरले, प्रवासी गाड्या आणि लहान स्टेशने मागे पडली. स्टेशनावर जगणाऱ्या गावांचा बाजार उठला. अब्दररहमान सिसाको यांच्या 'बामाको' (२००६) या चित्रपटात एका चाळवजा अंगणात न्यायालय भरते. फिर्यादी आफ्रिकेची जनता, आरोपी जागतिक बँक आणि नाणेनिधी. खासगीकरणाची आकडेवारी आपल्यालाही पुष्कळ दाखवली जाते. बंद पडलेल्या स्टेशनावरच्या चहावाल्याची साक्ष कोण काढणार?

काही जण म्हणतात, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, प्रत्येक जण वार्ताहर आहे, मग तक्रार कसली? त्यांना एवढेच विचारावे की, डबा तुमचा असला तरी रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक परदेशी कंपनीचे असेल, तर गाडी कोणाची?

अफवेची गाडी

अशा रुळांवरून सर्वांत वेगाने धावते ती अफवा. १९९३ मध्ये रवांडात एक खासगी रेडिओ सुरू झाला. तो गाणी वाजवी, थट्टा करी आणि तुत्सी लोकांना झुरळे म्हणे. एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत लाखो माणसे कोयत्यांनी कापली गेली. त्या रेडिओने नावे-पत्ते सांगितले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रेडिओच्या चालकांना दोषी ठरवले. आणि बाहेरच्या पत्रांनी सुरुवातीला काय लिहिले? 'टोळीयुद्ध'. जणू आफ्रिकेत दुसरे काही घडूच शकत नाही!

आता आपल्या दाराशी या. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत भारत-आफ्रिका शिखर परिषद थाटात झाली. मे २०१६ मध्ये याच शहरात काँगोच्या एका तरुण शिक्षकाला रिक्षाच्या वादातून ठेचून मारले. २७ मार्च २०१७ रोजी मयूर विहारपासून तासाभरावरच्या ग्रेटर नोएडात एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून खुर्च्यांनी बडवले. अफवा अशी होती की, हे लोक माणसे खातात. पदवीसाठी शुल्क भरून आलेल्या मुलांविषयी हे बोलले गेले! नायजेरियाच्या उत्तर भागात दोन पिढ्या हिंदी चित्रपट पाहत वाढल्या. त्यांना 'मदर इंडिया' ठाऊक आहे. आपल्याला त्यांच्याविषयी काय ठाऊक आहे? त्सावोचा सिंह आणि नरमांसाची आवई.

नोएडाकडे बोट दाखवून मराठी माणसाने हात झटकू नयेत. १९ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी केंद्रांवर आणि स्टेशनांवर मारले. मराठी तरुणाला रेल्वेत जागा का मिळत नाही, भरतीच्या जाहिराती मराठी पत्रांत का नाहीत, हे प्रश्न खरे होते आणि आहेत. पण त्यांचे उत्तर बिहारच्या बेकार पोराच्या पाठीवर लिहिलेले नव्हते. ते रेल्वे मंडळाच्या रिक्त पदांच्या फायलीत होते. इकडची पत्रे 'परप्रांतीयांचे लोंढे' छापत होती, तिकडच्या वाहिन्या 'मराठी गुंड' दाखवत होत्या. दोघांचाही खप वाढला. रिक्त पदे मात्र रिक्तच राहिली आणि पुढे ठेकेदाराच्या घशात गेली.

मग करायचे काय?

पहिले काम, प्रत्येक शाखेने आपला वार्ताहर नेमावा. तो पुढारीच असला पाहिजे असे नाही. ट्रॅकमन, पॉइंट्समन, सॉर्टर किंवा डाकसेवक, कोणीही चालेल. महिन्याला एक पान, आपल्या भाषेत, नाव-गाव-तारखेसह. अपघात झाला तर कोणत्या किलोमीटरवर, किती तासांच्या ड्यूटीनंतर, हे लिहावे. भाषणे नकोत, तपशील हवा.

दुसरे, शाखेच्या फलकावर दर आठवड्याला एक भित्तिपत्र लागावे. दर तीन महिन्यांनी एक पुस्तक किंवा चित्रपट शाखेत यावा. 'मांदाबी'पासून सुरुवात करावी. संवाद कळले नाहीत तर एकाने मराठीत सांगावे. शाहिरी आणि पथनाट्य वर्धापनदिनापुरते ठेवू नये.

तिसरे, अफवेविरुद्ध संघटनेची शिस्त हवी. शहानिशा केल्याशिवाय कोणत्याही जातीविषयी, धर्माविषयी, प्रांताविषयी, देशाविषयी आलेला मजकूर आपल्या गटावर पुढे ढकलू नये. आणि फलाटावर कोणी परका म्हणून मार खात असेल, तर त्याच्या बाजूला उभे राहण्याचे काम गणवेशातल्या कामगाराने करावे.

चौथे, मागण्यांच्या सनदेत माध्यमांचा मुद्दा घालावा. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने राजकीय पक्षांशी संलग्न कामगार संघटनांना परवाना नाकारला आणि केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई केली. धार्मिक वाहिन्या रात्रंदिवस चालतात, खाण-बंदरवाले वाहिन्या विकत घेतात. कामगाराच्या आवाजाचीच एवढी धास्ती का? डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपाल सेवा बंद झाली. छोट्या प्रकाशकांनी आवाज उठवला. पुढे १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. बोलले की हलते, हे यावरून दिसते. नियतकालिकांच्या टपाल सवलतीवरही टपाल संघटनांचा पहारा हवा. कारण टपाल हे देशातले सर्वांत जुने आणि सर्वांत दूर पोहोचणारे प्रसारमाध्यम आहे आणि त्याचे वार्ताहर आपणच आहोत.

'मांदाबी'च्या अखेरीस लुबाडला गेलेला मामा म्हणतो की, आता मीही लांडगाच होईन. त्याला रोखतो पोस्टमन. हे सारे बदलायचे आहे, असे तो सांगतो. कोण बदलणार, या प्रश्नावर त्याचे उत्तर पुढाऱ्याकडे किंवा सरकारकडे बोट दाखवत नाही. तू, तुझ्या बायका, तुझी मुले आणि मी, असा त्याचा अर्थ आहे. पन्नास वर्षांपूर्वी डाकारच्या पोस्टमनला जे कळले, ते आपल्याला कळायला अडचण नसावी. पुढच्या अंकासाठी शाखांनी आपापले पहिले पान पाठवावे. आम्ही वाट पाहत आहोत.